नदीकडेला चार फुटी सुसर दिसली, ही चिनी अ‍ॅलिगेटर असेल का?

मळीतला_ऊस
शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या कडेला आमचं रान हाय. परवा सकाळी मोटर चालू करायला गेलो, तर जॅकवेलच्या खाली सुसर ऊन खात पडलेली. फोटो टाकलाय, लांबून काढलाय. बारावीतला पुतण्या म्हणतोय, ही चिनी अ‍ॅलिगेटर, मोठी होत नाही, २०१९ च्या महापुरात कुणाच्या तरी तळ्यातनं सुटली असणार. आई म्हणती, चिनी असू दे नाहीतर जपानी, म्हशी तिथं नेऊ नको. कोण बरोबर?

तांबडा_रस्सा
चायना माल असंल तर पावसाळ्याआधी बंद पडंल बघा.

काठावरचा
फोटो मोठा करून बघितला. तोंड मिटलंय, तरी खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतोय. अ‍ॅलिगेटरचा तो दात वरच्या जबड्याच्या खळग्यात बसतो, दिसत नाही. म्हणजे ही आपलीच मगर. (सुसर खरं तर लांब चोचीची, ती आपल्या नदीत नाही. पण माझी आजीही मगरीला सुसरच म्हणायची, सोडा.)

पुतण्याचं अर्धं खरं आहे. चिनी जात बुटकीच, दीड-दोन मीटरची. पण ती यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यातली, मुख्यतः आन्हुई प्रांतात. थंडीचे महिने बिळात झोपून काढते. बांधात बिळं पाडते म्हणून शेतकरी मारायचे, आणि तिच्या पाणथळ जागा भातशेतीत गेल्या. १९९९ च्या पाहणीत रानात दीडशेसुद्धा उरल्या नव्हत्या. आता प्रजनन केंद्रात वाढवून परत सोडतात. अशी दुर्मिळ चीज शिरोळात कुणाच्या तळ्यात असेल होय?

तुमची चार फुटी म्हणजे अजून वयात न आलेली. नर मगर बारा फुटांच्या पुढं जाते. तेव्हा आईचं ऐका. पकडायच्या भानगडीत पडू नका, वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी आहे. वन विभागाला १९२६ वर फोन करा आणि मोटरीकडं एकट्यानं, अंधारात जाऊ नका.

मळीतला_ऊस
फोन केला. म्हशी आता बोअरवर धुतोय, लाईट असली तर. पुतण्याला दात दाखवला. म्हणतोय, या अ‍ॅलिगेटरचा दात वाकडा आलाय.