प्रतिसाद: उत्क्रांती गाळून डॉक्टर?

‘पोराला घरीच शिकवू, उत्क्रांतीचा धडा गाळू, देवानं सृष्टी केली एवढं पुरे, करिअरचं काय अडतंय?’ या वरच्या मुद्द्यावर थोडं.

घरी शिकण्याला माझा विरोध नाही. आमच्या सोलापुरातच माझी भाची एनआयओएसमधून (केंद्राचं मुक्त शाळा मंडळ) दहावी झाली. गणित आईनं घेतलं, विज्ञान शेजारच्या निवृत्त सरांनी. (सर तापट, पण शिकवणं बावनकशी.)

पण गाळायचं म्हटलं की गाडी अडते. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे. आपल्या सोलापूरच्या वैशंपायन मेडिकल कॉलेजचं स्वप्न असेल तर ती वाचावीच लागणार. घोकून मार्क पडतीलही, पण जंतू अँटिबायोटिकला दाद का देईनासे होतात, हे नैसर्गिक निवडीशिवाय (जे तगतात त्यांचीच पुढे वाढ होते, ही उत्क्रांतीतली कल्पना) कसं समजणार? २०२३ मध्ये एनसीईआरटीनं (केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था) दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेही मला पटलं नव्हतं.

अमेरिकेत २००५ साली डोव्हर गावच्या शाळेवरच्या खटल्यात ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सजीव कुणा बुद्धिमान शक्तीनं घडवले, हे मत) हे विज्ञान नाही, असा निकाल लागला. तो सरकारी शाळेबद्दलचा. घरात आई-बाप काय शिकवतात ते त्यात येत नाही.

चादरीच्या धंद्यात कुणी डार्विन विचारत नाही, हे मात्र कबूल.