एडिट केलेल्या फोटोखाली फक्त ‘अप्रतिम’ एवढंच लिहायचं का?

रानवाटा:
आपल्या हौशी फोटोवाल्या मंडळींत परवा एकाने लिहिलं, "एडिटिंग ही ज्याची त्याची आवड. आवडलं तर कौतुक करा, नाही आवडलं तर पुढे जा. चुका काढणाऱ्यांमुळेच नवे लोक फोटो टाकत नाहीत." त्यावर बदामांचा पाऊस पडला. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

निमित्त झालेला फोटो सगळ्यांनी पाहिलाय. दिवे घाटाचं वळण, जादा बैलजोड्या लावून चढणारा माऊलींचा रथ आणि वर पेटल्यासारखं केशरी आकाश. आकाश मागाहून बसवलंय हे टाकणाऱ्याने स्वतःच सांगितलं होतं, तेव्हा फसवणुकीचा प्रश्नच नाही. पण जरा खाली बघा. उजेड पावसाळी, ढगाळ. कुणाच्याही पायाशी सावली नाही. वर एवढा सूर्य मावळतोय आणि टोप्या मात्र निळसर करड्या. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईंकडे बघा, पानं आकाशाला भिडतात तिथे पांढरी किनार राहिलीय. मास्क, म्हणजे आकाश वेगळं करायला आखलेला भाग, पानांच्या फटींत पोचलेलाच नाही.

मी लिहिलं की टोप्यांना आणि घाटाच्या कडेला थोडी ऊब द्या, आकाशाचा रंग जरा उतरवा, पानांच्या कडा मोठ्या करून तपासा. बाकी रथाची जागा फार सुंदर साधलीय. यात मैत्री कुठे बिघडली? शंभर जणांनी ‘अप्रतिम’ लिहिलं, त्यातल्या एकालाही ती किनार दिसली नसेल? दिसली आणि गप्प बसले, तर तो माणूस पुढच्या वारीतही तीच किनार ठेवणार.

शटरवाली:
तुमचा प्रतिसाद वाचला होता. चुका आधी, कौतुक शेवटच्या ओळीत. आणि त्यांनी सल्ला मागितला होता का? नव्हता.

मी एका क्लबात जायचे. तिथे पडद्यावर फोटो लावून सगळ्यांदेखत चिरफाड व्हायची. मी आईचा फोटो दिला होता, अंगणात तांदूळ निवडत बसलेली. दिवस उन्हाळ्याचा होता, मी त्याला पावसाळी ढगांचं आकाश लावलं, कारण आमचं ते घर मला पावसातलंच आठवतं. पहिला प्रश्न आला तो कॅमेऱ्याच्या सेटिंगचा, "आयएसओ किती होता?" दुसरा माणूस म्हणाला, "ढग कुठून उचलले?" आई कोण, अंगण कुठलं, ढग का हवे होते, हे एकानेही विचारलं नाही. त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही. तुमच्या मास्कच्या किनारीपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

निगेटिव्ह:
आकाश बदलणं म्हणजे पाप, असा सूर लागायच्या आत सांगून ठेवतो. १८५६-५७च्या सुमारास गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राची चित्रं केली, त्यांतल्या काहींत आकाश एका निगेटिव्हचं आणि पाणी दुसऱ्या निगेटिव्हचं. तेव्हाचं रसायन निळ्याला फार संवेदनशील होतं, पाण्याला पुरेसा वेळ दिला की आकाश जळून नुसतं पांढरं उरायचं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोत टिपलेला चंद्रोदयाचा फोटो घ्या. पुढच्या काळात प्रिंट करताना तो आकाश अधिकाधिक काळं करत गेला. फोटोशॉपने २०२०मध्ये आकाश बदलायची आयती सोय दिली, म्हणून खेळ तेव्हा सुरू झाला असं नाही.

पण शटरवालीताई, ल ग्रेचं क्षितिज जुळतं. तिथे जोड शोधावा लागतो. हे सांगणं म्हणजे चिरफाड नव्हे.

बॉक्सकॅमेरा:
बाकी कशाचंही आकाश बदला, वारीचं नको. वारी ही घडलेली गोष्ट आहे. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड सरकवून जवळ आणले, तर केवढा गदारोळ झाला. इथे तर माऊलींचा रथ आहे.

आणि विषय निघालाच आहे तर, दिवे घाटात फोटोवाल्यांनी जो उच्छाद मांडलाय त्यावर कुणी बोलणार का? दिंडी चालत असते आणि हे मध्येच गुडघ्यावर बसतात. एकाने तर म्हाताऱ्या बाईंना "मावशी, परत एकदा मागून या" म्हणून सांगितलं. माझ्यासमोर.

शटरवाली:
काका, ते चूकच आहे. पण त्याचा एडिटिंगशी काय संबंध? आणि ‘घडलेली गोष्ट’ म्हणता, तर आपल्या घराघरांत भिंतीवर टांगलेले रंगवलेले फोटो काय होते? कृष्णधवल फोटो मोठा करायचा आणि स्टुडिओतला कलाकार त्यावर लुगड्याचा रंग, जरीचे काठ, कुंकू भरायचा. तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही.

कोकणकडा:
रंगवलेल्या फोटोंचं नाव काढलंत म्हणून सांगतो. आमच्या पणजीच्या फोटोत ठुशी आणि नथ आहे. दोन्ही रंगवणाऱ्याने काढलेली, पणजोबांच्या सांगण्यावरून. पणजीच्या गळ्यात काळ्या पोतीशिवाय काही नव्हतं. ती गेल्यावर वाटणीच्या वेळी चुलत घराण्याने तो फोटो पुढे केला आणि विचारलं, ठुशी कुठाय? दोन घरं त्यावरून तुटली. माझ्या वडिलांनी त्यांच्या सख्ख्या चुलतभावाच्या लग्नाला पाऊल ठेवलं नाही. म्हणून म्हणतो, जे नव्हतं ते घालू नका. घातलंत तर मागे लिहून ठेवा.

शटरवाली:
त्या माऊलीला जन्मभर सोनं मिळालं नाही. नवऱ्याने फोटोत तरी घातलं. भांडली ती पुढची माणसं, पैशापायी. दोष त्या रंगाऱ्याला का?

कोकणकडा:
तुमच्या घरी झालं असतं म्हणजे कळलं असतं. आमच्या घरच्या गोष्टीवर निवाडा द्यायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही.

निगेटिव्ह:
दोघेही जरा सबुरीने घ्या. आमच्या आजीच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं. रंगवणाऱ्याने तो डोळा दुसऱ्यासारखा करून दिला. आजोबा खूश झाले, पण आत्याने तो फोटो कधीच लावला नाही. म्हणायची, ही माझी आई नाही. दोघांचंही मला पटतं.

बॉक्सकॅमेरा:
हेच तर! डोळा बदलला की माणूस बदलला. आकाश बदललं की वारी बदलली.

रानवाटा:
काका, ठुशीवरून वारीवर उडी नको. पणजोबांना काय हवं होतं ते रंगाऱ्याने विचारून घेतलं, हा त्यातला धरण्यासारखा भाग आहे. शटरवालीताईंचं एक मानायला हवं, आपण हेतू न विचारताच सल्ला देतो. पण हेतू कळला तरी डोळे मिटायचे नसतात. मागे एकाने ध्रुवताऱ्याच्या बाजूला तोंड करून काढलेल्या किल्ल्यावर आकाशगंगेचा गाभा चिकटवला होता. तो गाभा धनु-वृश्चिकाकडे. आपल्याकडून बघताना कायम दक्षिणेच्या अंगाला, जूनच्या मध्यरात्री तर थेट दक्षिणेला. त्याला स्वप्नातलं आकाश हवं असेल तर खुशाल ठेवावं. पण त्याने खाली ‘सिंगल शॉट’, म्हणजे एकाच क्लिकमध्ये काढलेला, असं लिहिलं होतं, आणि शाळकरी पोरं विचारत होती की हे कुठून दिसतं. तिथे ‘पुढे जा’ म्हणणार का?

शटरवाली:
खोटं लिहिलं तर टोका, त्याला माझी ना नाही. आणि पानांच्या किनारीचं तुम्ही सांगितलंत ते खरं आहे, आता मलाही तीच दिसतेय. पण हे जाहीर सांगायचं की आधी विचारून, यावर मी मागे हटणार नाही. ज्याला नको असेल त्याला नको म्हणता आलं पाहिजे.

वळणवाट:
ज्या फोटोवरून हे सगळं चाललंय तो माझा. दोन दिवस वाचतोय, आता लिहितो.

आकाश त्याच घाटातलं आहे, आदल्या वर्षीच्या वारीतलं. त्या संध्याकाळी ढग फाटले आणि सगळा घाट केशरी झाला, तेव्हा मी रथाच्या मागे चालत होतो. कॅमेरा पिशवीत, हात टाळात. यंदा कॅमेरा हातात होता तर आकाश शिशासारखं. बॉक्सकॅमेराकाका, दोन्ही घडलेलंच आहे, एकाच वेळी घडलेलं नाही एवढंच. हे मी फोटोखाली लिहायला हवं, तेवढं लिहीन.

रानवाटा, टोप्यांना ऊब देऊन पाहिली. पिवळट दिसतात, नवी टोपी वर्षभर न धुतल्यासारखी. वारीतलं पांढरं मला पांढरंच हवं. निळी झाक तेवढी कमी केली, पुढे नाही जाणार. तुमचा प्रतिसाद मला लागला नव्हता. शंभर ‘अप्रतिम’मध्ये फोटो मोठा करून पाहिलेला तो एकच होता. पण शटरवालीताई म्हणतात तसं कुणी आधी विचारलं असतं, तर आदल्या वर्षीचं मी तेव्हाच सांगितलं असतं.

रानवाटा:
टोप्यांचं पटलं नाही. आकाश एवढं तापलेलं ठेवायचं तर पांढऱ्यावर त्याचा रंग उतरणारच. मग निदान आकाश तरी उतरवा.

वळणवाट:
नाही उतरवणार. पानांची किनार काढायला घेतलीय. तुळशीच्या मंजिऱ्या फार बारीक आहेत, मास्क हाताने रंगवावा लागतोय. झाला की टाकतो.

बॉक्सकॅमेरा:
टाका. खाली दोन्ही वर्षं लिहा. आणि त्या ‘मावशी, परत या’वाल्यांवर मी वेगळा धागा काढतोय, तिथे सगळ्यांनी या.