आटे गेले की हेड फेका? काहीही!

खटपट्या
कालच्या धाग्यात 'लेथवाला' यांनी ठोकून दिलंय की जुन्या पेट्रोल ट्रकच्या अ‍ॅल्युमिनियम हेडमधले (सिलिंडरवरच्या झाकणातले) स्पार्क प्लगचे आटे गेले की सरळ हेड बदलायचं, इन्सर्ट (खराब भोकात बसवायचे नवे आटे) म्हणजे निव्वळ जुगाड, "आज बसवा, उद्या प्लगसकट बॉनेटवर आदळेल". तिथेच उत्तर लिहायला बसलो, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

जुगाड? लायकमिंग कंपनीच्या विमान इंजिनांत प्लगच्या भोकात स्टीलच्या तारेची कॉइल कारखान्यातूनच बसवून येते. प्लग सारखे काढघाल केले की अ‍ॅल्युमिनियमचे आटे तग धरत नाहीत, म्हणून. हवेत चाललेलं रस्त्यावर चालत नाही का?

इन्सर्टसाठी भोक मोठं करतो, म्हणजे हेडमधले नवे आटे जास्त व्यासाचे. तेवढाच जोर झेलायला जास्त धातू मिळतो. जोर किती? सिलिंडरमध्ये ६० बार दाब धरा, १४ मिमीच्या प्लगवर ९०-९५ किलोचा धक्का बसतो. नीट बसवलेल्या बुशाला (आतून-बाहेरून आटे असलेल्या घन नळीला) हे काहीच नाही.

आणि "हेड बदला" म्हणणाऱ्यांनी जुन्या ट्रकचं हेड उतरवलंय का कधी? मॅनिफोल्डचे गंजके स्टड एकेक करून तुटतात. आटे राहिले बाजूला, तुटके स्टड काढण्यातच जीव जातो.

लेथवाला
विमानाचं उदाहरण वाचून करमणूक झाली. तिथे हेड टेबलावर सरळ धरून, यंत्रावर काम होतं. तुम्ही करता बॉनेटखाली ओणवं होऊन, फायरवॉलला चिकटलेल्या शेवटच्या सिलिंडरमध्ये, भोक दिसत नसताना, एक्स्टेन्शनच्या टोकाला टॅप (आटे पाडायचं हत्यार) लावून. तो जरा तिरका गेला की प्लगचं बूड एकाच बाजूला टेकतं, तिथून गॅस गळतो आणि उरलेले आटेही जळतात. माझ्याकडे येतात ती हेडं अशीच, आधी कुणीतरी "नीट" इन्सर्ट बसवलेली. हेड बदला म्हणतो ते उगाच नाही. आणि आटे पाडताना निघालेला धातूचा कीस कुठे गेला ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

गॅरेजकन्या
दोघेही इन्सर्ट म्हणताय, पण वेगवेगळ्या वस्तूंबद्दल भांडताय. तारेची कॉइल वेगळी, घन बुश वेगळा. प्लग कार्बनने जाम झाला की कॉइल कधीकधी त्याच्याबरोबरच बाहेर येते, हे लेथवाल्यांचं खरं आहे. बुशाला वर कॉलर असते आणि शेवटच्या हत्याराने त्याचं खालचं टोक फुलवून जागेवर जखडतात. तो सहसा हलत नाही.

कीस: टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, अर्धा-एक फेरा मारून टॅप काढायचा, पुसायचा, परत ग्रीस. शेवटी बारीक नळीने ओढून घ्यायचं, मग प्लग न लावता, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून स्टार्टर फिरवायचा. अ‍ॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, तेव्हा चुंबकाची काडी घालून "साफ झालं" म्हणू नका. हेड बिडाचं असेल तर आधी बघा की आटे खरंच गेलेत का. बहुतेकदा नुसता कार्बन असतो, आटे साफ करायचा चेसर फिरवला की भागतं.

शंकेखोर
मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही. आटे गेले कशाने? अँटी-सीझ! प्लग जाम होऊ नये म्हणून लोक त्याला ते चंदेरी ग्रीस लोण्यासारखं थापतात. आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला (पान्याच्या पिळाला) ताण कितीतरी जास्त येतो. प्लग बनवणारी एनजीके कंपनी स्वतः सांगते की त्यांच्या मुलामा दिलेल्या प्लगना लावू नका.

जुनं_ते_सोनं
आले पुस्तकी पंडित! आमच्या काकांनी आयुष्यभर मालट्रक चालवला, प्रत्येक प्लगला ग्रीस लावलं, एकही आटा गेला नाही. त्यांच्यानंतर गाडी चुलतभावाकडे गेली. त्याने "कंपनी नको म्हणते" म्हणून कोरडे लावले. पुढल्या खेपेला प्लग काढताना आटे प्लगला गुंडाळूनच बाहेर आले.

शंकेखोर
चुलतभावाने गरम इंजिनावर काढले असणार. काका एक, चुलतभाऊ एक, निष्कर्ष त्रिकालाबाधित. वा!

जुनं_ते_सोनं
गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणजे भोक मोठं होऊन प्लग सैल व्हायला हवा. मग गरम काढला तर बिघडलं कुठे? पाना कधी हातात धरलाय, की नुसता कीबोर्डच?

शंकेखोर
काकांचा पुतण्या असणं हा अनुभव धरत असाल तर नाही, तेवढा अनुभव नाही माझा. भोक मोठं होतं, पण धातू मऊही पडतो, आणि कार्बन चिकटलेला असला की तो मऊ धातूच ओरबाडला जातो. थंड इंजिनावर पाव फेरा सैल करायचा, आट्यांत तेल मुरू द्यायचं, मागेपुढे हलवत काढायचा. घाई करणाऱ्याचे आटे जाणारच, ग्रीस असो वा नसो.

जुनं_ते_सोनं
"ग्रीस असो वा नसो"! हे तुम्हीच लिहिलंत. मग ग्रीसवर खापर कशाला फोडत होतात?

खटपट्या
अहो, धागा आट्यांच्या दुरुस्तीचा आहे! ग्रीसचा वेगळा काढा आणि तिथे एकमेकांना थापा.

लेथवाले, आणखी एक घ्या. फोर्डच्या दोन-व्हॉल्व्ह ट्रायटन इंजिनांत प्लगला जेमतेम चार आटे मिळायचे आणि प्लग उडून यायचे, हे जगजाहीर. शेवटी कंपनीनेच सर्व्हिस बुलेटिन (मेकॅनिकांसाठीची सूचना) काढून हेड न बदलता इन्सर्ट बसवायला मान्यता दिली. कंपनीही जुगाडी का?

लेथवाला
बुलेटिनमध्ये इन्सर्ट कोणता होता तेही सांगा की. अ‍ॅल्युमिनियमचाच घन इन्सर्ट, म्हणजे प्लगची उष्णता हेडमध्ये तशीच जाते. बाजारातली कुठलीही तार नव्हे. बरं, तुमच्या समाधानासाठी: घन बुश, टॅपला मार्गदर्शक नळी, भोक समोरून दिसतंय, माणूस घाईत नाही, एवढं सगळं जमत असेल तर हेड न काढता बसवा. शंभरात किती जणांना जमतं ते मला विचारू नका. हेडमध्ये प्लगचं बूड टेकतं तिथे तडा असेल तर मात्र हेडच बदलायचं, मग वाटेल तेवढी बुलेटिनं आणा.

खटपट्या
तड्याबद्दल भांडण नव्हतंच. "निव्वळ जुगाड" मागे घेतलंत असं समजतो.

लेथवाला
समजा. समजायला टॉर्क लागत नाही.

गॅरेजकन्या
प्लगचं बूड वॉशरचं आहे की शंकूचं ते पाहून बुश घ्या, हे अजून कुणी लिहिलं नाही. शंकूवाल्याला वॉशरवाला बुश बसवला तर प्लग टेकतच नाही. लांबीही मोजा. लांब बुश आत डोकावला तर तापून लाल होतो आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटतं. अ‍ॅल्युमिनियम हेडला १४ मिमीचा वॉशरवाला प्लग २५ ते ३० न्यूटन मीटर, शंकूवाला १० ते २०.

जुनं_ते_सोनं
हे आकडे ग्रीस लावून की कोरडे?

गॅरेजकन्या
कोरडे. लावणारच असाल तर आकडा पाव-एक भाग कमी धरा, आणि टोकाचा आटा कोरडा ठेवा, इलेक्ट्रोडवर ओघळतं ते.

शंकेखोर
कमी धरा म्हणे! म्हणजे ग्रीसने ताण वाढतो हे मान्य झालं ना?

जुनं_ते_सोनं
ताण वाढतो एवढंच मान्य. लावू नये, हे नाही.