ज्वारीच्या दाण्याएवढी पृथ्वी

एकांनी लिहिलंय की मुलांना बुध ते नेपच्यून ही नावं पाठ होतात, पण अंतरं डोक्यात शिरत नाहीत. अगदी खरंय, आणि दोष मुलांचा नाहीच. तक्त्यावर आठही ग्रह माळेतल्या मण्यांसारखे खेटून काढलेले असतात!

आमच्या सोलापुरात घरोघरी मालदांडी ज्वारी. पुतणीच्या तळहातावर 4 मिलिमीटरचा एक टपोरा दाणा ठेवला : ही पृथ्वी. या मापाने सूर्य 44 सेंटिमीटरचा, म्हणजे चांगली मोठी घागर. ती दारात ठेवून आम्ही दाणा घेऊन 47 मीटर चालत गेलो, कारण या मापाने पृथ्वी सूर्यापासून तेवढी लांब येते. तिथून हात लांब करून करंगळी धरायला सांगितली, तर घागर नखाआड गेली. आकाशात सूर्य दिसतो तेवढीच ती तिथून दिसते.

चंद्र म्हणजे खसखशीचा दाणा, पृथ्वीपासून फक्त 12 सेंटिमीटरवर. माणूस आजवर साधारण तेवढाच लांब गेलाय. लिंबाएवढा गुरू घागरीपासून 245 मीटरवर, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी. शनी 450 मीटरवर. नेपच्यूनचं बोर ठेवायला मात्र 1.4 किलोमीटर जावं लागलं, म्हणून स्कूटर काढली.

"काका, मग मधे काय आहे?" पुतणीने विचारलं. हा प्रश्न तक्ता पाहून कुठल्याच मुलाला पडत नाही, म्हणून हा खेळ मला फार मोलाचा वाटतो. मधे जवळपास काहीच नाही. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा, याच मापाने सुमारे 12,600 किलोमीटरवर येतो, म्हणजे जवळजवळ खऱ्या पृथ्वीच्या व्यासाइतका दूर.