मदत हवी आहे: स्वतःचा व्यवसाय, कागदावर उत्पन्न कमी, होम लोन कसं बसवायचं?

मंडळी, थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. मी सहा वर्षं इंटिरियरची कामं घेतेय, स्वतःचीच, त्यामुळे पगाराची स्लिप वगैरे प्रकार नाही. एक टू बीएचके पक्का केलाय, अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यू ५२ लाख. ३० ते ७५ लाखांच्या लोनला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, म्हणजे ४१ पर्यंत जायला हरकत नव्हती, मला ४० पुरेत, वरचे आणि स्टॅम्प ड्युटीचे (ती लोनमध्ये धरत नाहीत हे पण उशिराच कळलं) जमवून ठेवलेत. बँकेत गेले तर म्हणाले, मॅडम तुमचं २५ च्या वर जात नाही.

तर झालंय असं की सीए माझं रिटर्न आयकराच्या ४४एडीए कलमामध्ये भरतो. वर्षाची जमा ७५ लाखांच्या आत असली आणि रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या वर नसले की आमच्यासारख्यांना निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून मोकळं होता येतं, वह्या नकोत, ऑडिट नको. गेल्या वर्षी जमा १८ लाख, दाखवले ९. त्याच्या आदल्या वर्षी १४, दाखवले ७. आता माझा खर्च काही निम्मा नाही हो, पेट्रोल, सॉफ्टवेअर, एक अर्धवेळ ड्राफ्ट्समन, एवढंच, गेल्या वर्षी हातात ११-१२ तरी राहिले असतील. पण टॅक्स वाचतोय म्हणून मीच खुशीत सह्या करत होते, तेव्हा सीए फार हुशार वाटायचा.

बँकेने दोन वर्षांची सरासरी धरली ८ लाख, म्हणजे महिना साधारण ६६ हजार, त्याच्या निम्म्यात सगळे हप्ते बसले पाहिजेत म्हणे, त्यातून कारचे ११ हजार गेले की उरले २२. साडेआठ टक्के, २० वर्षं, लाखाला ८६८ रुपये हप्ता, घ्या भागाकार करून. सिबिल (क्रेडिट स्कोअर) ७८० आहे, त्याचं कौतुक केलं आणि परत पाठवलं.

आता माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत, मागची रिटर्न अपडेट करून उत्पन्न वाढवून दाखवावं का, किंवा आईला को-अ‍ॅप्लिकंट घ्यावं का (तिला पेन्शन आहे, वय ६४), आणि एक एजंट म्हणतोय रिटर्न बघतच नाहीत अशा ठिकाणी करून देतो, ते कितपत खरं? टोकन दिलंय आणि बिल्डर रोज फोन करतोय म्हणून घाई. अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
अपडेटेड रिटर्न भरता येतं पण त्यासाठी वाढीव करावर आणखी २५ टक्के, एक वर्ष उलटलं असेल तर ५०. आणि बँकवाला आकड्याच्या आधी भरल्याची तारीख बघतो, अर्जाच्या पंधरा दिवस आधी उत्पन्न अचानक वाढलेलं दिसलं की त्याला वास येतो. मागचं राहू द्या. पुढचं सुधारा, ४४एडीएमध्ये 'निम्मं किंवा त्याहून जास्त' असं आहे, निम्मंच दाखवा अशी सक्ती नाही. २०२५-२६ पासून कराच्या नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत करच लागत नाही, मग खरं आहे तेवढं दाखवायला काय जातंय? सीएने हे आपणहून सांगायला हवं होतं खरं तर.

प्रतिसाद २
ताई, तुमचाच हिशोब परत वाचा. कारचा ११ हजारांचा हप्ता एकटा तुमचं पावणेतेरा लाखांचं लोन खातोय! तो नसता तर ३३ हजार उरतात, भागिले ८६८, ३८ लाख आलेच की. कारचे किती राहिलेत? दीड-दोन लाख असतील तर डाउन पेमेंटच्या पैशातून आधी ते मिटवा, कर्ज फिटल्याची एनओसी हातात घ्या आणि मग अर्ज करा. आम्ही टू-व्हीलरच्या बाबतीत हेच केलं होतं, बँकेने स्वतःहून सुचवलं नाही, आम्हालाच सुचलं.
आणि पाच बँकांत एकदम अर्ज टाकत फिरू नका, प्रत्येक चौकशी सिबिलला दिसते.

प्रतिसाद ३
एजंट म्हणतोय ते अगदीच खोटं नाही, खात्यातला सरासरी बॅलन्स किंवा जीएसटीची उलाढाल बघून देणाऱ्या फायनान्स कंपन्या आहेत, पण व्याज चढं. फ्लोटिंगच (बदलत्या व्याजदराचं) घ्या म्हणजे वैयक्तिक होम लोनला मुदतीआधी फेडायचा दंड नसतो, दोन रिटर्न चांगली झाली की बँकेत ट्रान्सफर करता येतं. मात्र 'कागद मी बनवून देतो' असं म्हणाला तर तिथूनच नमस्कार करा, सही तुमची असते. क्लायंट जो टीडीएस कापतात तो आयकराच्या २६एएस या तुमच्या नावच्या कर-उताऱ्यात दिसतो, बँक त्याच्याशी ताडून बघते.
आईचं म्हणाल तर पेन्शन धरतात पण वयामुळे मुदत कमी होऊ शकते, मग हप्ता वाढतो आणि हाती फारसं काही लागत नाही.

धागाकर्ती
प्रतिसाद २, तुम्हाला साष्टांग! कारचं स्टेटमेंट काढलं, १ लाख ४८ हजार बाकी आहेत, आणि बंद करायचा थोडा चार्ज आहे पण चालेल. ३८ मंजूर झाले तर वरचे दोन मी कामातून उभे करेन, एका साइटचं शेवटचं बिल यायचंय. सीएशी पण बोलले, म्हणतो तुम्ही कधी घराचं बोललाच नाहीत. आहेच माझी चूक थोडी. बिल्डरने टोकनला महिनाभर मुदत वाढवून दिलीय, आत्ताच फोनवर म्हणाला.

प्रतिसाद १
फोनवर म्हणाला त्याला अर्थ नाही, आजच मेल करून लेखी घ्या. लोन नामंजूर झालं तर टोकन परत, हे पण त्यातच लिहून घ्या.