कॉलर माइक आणि हार्मोनियम

जुने कॉलर माइक फक्त भाषणाच्या कामाचे, वाद्याला नकोत, असं काही जण म्हणतात; ते मत मला अर्धंच पटतं. गळ्यात दोरीने अडकवायचे जुने डायनॅमिक माइक (म्हणजे चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारे) छातीवर लोंबणार हे गृहीत धरूनच बनवलेले. हनुवटीखाली आवाजाची धार कमी पोचते आणि छातीचा घुमारा वाढतो, म्हणून त्यांत वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम उचललेला असतो. तोंडासमोर धरला तर कर्कश वाटतो तो त्यामुळेच. पण सदाशिव पेठेतल्या एका बैठकीत मी असाच एक माइक स्पंजात गुंडाळून हार्मोनियमच्या पेटीला आतून टेकवला, भात्यापासून लांब. पेटीच्या आत आवाज कोंदट होतो, तिथे हीच उचल कामी आली. सूर मोकळे आले आणि शेजारचा तबलाही फारसा घुसला नाही. गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते, मात्र भरपूर लागतो, साधारण ६० डेसिबलपर्यंत.

जुन्या बाजारात घेणार असाल तर डायनॅमिकच बघा. १९६९ मधला सोनी ईसीएम-५० हा कॉलर माइक सुंदरच, पण तो इलेक्ट्रेट, म्हणजे पडद्यावर कायमचा विद्युतभार साठवलेला. उष्णतेने आणि दमट हवेने तो भार उतरत जातो, मग आवाज क्षीण आणि खरखर जास्त. घेण्याआधी रेकॉर्डरला लावून ऐकाच.