मदत हवी आहे : एसयूव्हीचं एअर सस्पेन्शन, पुढची डावी बाजू रात्रीतून बसते

गाडी 2009 ची, चारही चाकांना एअर, म्हणजे स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बॅगा. रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे कंट्रोलरला बाकीची चाकं समान करायला हवा सोडता येत नाही. तरी सकाळी पुढची डावी बाजूच खाली. मोजमाप चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत. फरक 60 मिमी.

साबणाचं पाणी मारून पाहिलं. स्ट्रटच्या (हवेची बॅग आणि शॉक एकत्र असलेला भाग) वरच्या फिटिंगला बुडबुडे नाहीत, चाकांकडे हवा वाटणारा व्हॉल्व्ह ब्लॉकही कोरडा. गाडी सर्वात उंच सेटिंगला नेली तेव्हा मात्र रबराच्या खालच्या घडीत बारीक फेस आला. घडीला चिरा आहेत, नागपूरचा मे महिना रबराला काही सोडत नाही. म्हणजे पाइपचं टोक कापून नव्याने बसवण्यावर हे भागणार नाही.

आता प्रश्न. फक्त डावा स्ट्रट बदलावा की जोडी? उजवाही त्याच वयाचा, त्यामुळे माझा कल जोडीकडे. नवी बॅग चढवलेले रीबिल्ट स्ट्रट कोणी वापरलेत का? क्रिम्प रिंग (बॅग आवळून धरणारी कडी) आणि आतला शॉक किती टिकला, हे नेमकं सांगा. गळतीमुळे कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतोय, तेव्हा रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) आणि ड्रायरही (हवेतला ओलावा शोषणारा) सोबतच बदलणार. चिकटलेला रिले कॉम्प्रेसर जाळतो.

कॉइल स्प्रिंग लावा, हा सल्ला कृपया नको. शॉक बदलावे लागतात, कोडिंग (कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये तसा बदल) नाही केलं तर डॅशबोर्डवर इशारा कायम, आणि उंची वाढवण्याची सोय जाते.

वाडी किंवा अमरावती रोडकडे उंचीच्या कॅलिब्रेशनचं स्कॅनर असलेला, जॅक मोड (गाडी उचलताना सस्पेन्शनची आपोआप हालचाल थांबवणारी सेटिंग) लावूनच गाडी उचलणारा मिस्त्री माहीत आहे का? मजुरीचा अंदाजही द्या.